लाल नऊ, निळी चौदा

माणसामाणसांत न्याय करणं अवघड असलं तरी कोंबड्यांच्या बाबतीत तो करता येतो, आणि त्यासाठी प्लॅस्टिकची एक कडी पुरते. कडी पक्षपात करत नाही, कडी नातं बघत नाही, कडीला सासूची भीती नसते. असं कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात सांगितलं गेलं होतं. प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं, दुपारचं जेवण फुकट होतं, आणि ते आटोपून धाकटी ज्या सोमवारी घरी आली त्याच्या पुढच्या शुक्रवारपर्यंत दोन्ही जावांचं आपसातलं बोलणं कोंबड्यांमार्फत सुरू झालं होतं.

थोरली या घरात आली त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि त्यातली साडेदहा तिने घरामागच्या पत्र्याच्या खुराड्यात काढली होती. खुराडं सासूबाईंचं, थोरली त्यांचा उजवा हात. पण थंडीत मानमोडीची साथ आली आणि साठ कोंबड्यांतल्या अडतीस एका आठवड्यात माना वाकड्या करून गेल्या. त्याच आठवड्यात मेलेल्या कोंबड्यांची पाटी उचलून बाहेर येताना सासूबाई दारातच घसरल्या, खुब्याला मार बसला आणि त्या खाटेवर गेल्या. मागे उरल्या बावीस कोंबड्या आणि दोन सुना.

बावीस कोंबड्यांना दोन बायका लागत नाहीत. ही गोष्ट थोरल्याच्या, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याच्या, जेवता जेवता लक्षात आली. कांद्यात तण माजलं होतं, खुरपायला माणूस मिळत नव्हतं. "एकीने कोंबड्या बघा, एकीने रानात या," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. घरात भांडण लावून देणारं वाक्य इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी बोललं असेल.

रान म्हणजे काय ते दोघींनाही ठाऊक होतं. सकाळी सहाला उकिडवं बसायचं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत सरीतून बोटाबोटाने पुढे सरकायचं. थोरलीची कंबर दुसऱ्या बाळंतपणात गेली होती. अर्धा तास वाकली की उभं राहायला तिला भिंत लागे, आणि कांद्याच्या रानात भिंत नसते. धाकटीचं डोकं उन्हात चढे. मग ती दोन दिवस अंधाऱ्या खोलीत ओला फडका कपाळावर घेऊन पडे. दोघींचीही कारणं खरी होती. एकीचं जरी खोटं असतं तरी निकाल लावणं सोपं गेलं असतं.

"आई, अकरा वर्षं मी बघतेय कोंबड्या," थोरली सासूबाईंना म्हणाली.

"बघतेस खरी," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "अडतीस गेल्या तेव्हाही तूच बघत होतीस."

"साथ होती ती!"

"मी कुठं म्हणाले तू गळे दाबलेस म्हणून?"

तेव्हा धाकटीने पिशवीतून दोन पाकिटं काढून खाटेवर ठेवली. एकात लाल कड्या होत्या, एकात निळ्या. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी वेटोळ्याची कडी, वर नंबर छापलेला.

"अकरा जाऊबाईंच्या, अकरा माझ्या," ती म्हणाली. "त्यांच्या लाल, माझ्या निळ्या. दोन महिने बघू. कुणाच्या कोंबड्या जास्त देतात ते दिसेलच. मग तुम्ही म्हणाल तिने खुराडं बघायचं."

"दाणा एकच, पाणी एकच, खुराडं एकच. मग फरक पडणार कशाने?" थोरलीने विचारलं.

"देखभालीने," धाकटी म्हणाली. हा शब्द ती प्रशिक्षणातून घेऊन आली होती आणि तो अजून कोरा होता.

थोरलीला हसू आलं. कोंबडी ओळखायला तिच्या पायात काहीतरी अडकवावं लागतं, ही कल्पनाच तिला पोरकट वाटली. उद्या नवऱ्याच्या पायात कडी घालायची का? बावीसच्या बावीस तिला पाठमोऱ्याही ओळखू येत. कोणाचा तुरा डावीकडे पडतो, कोण पाणी पिताना एक डोळा मिटते, कोण अंडं घालून झाल्यावर गावभर सांगते आणि कोण गुपचूप उठून जाते, सगळं तिला तोंडपाठ होतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा पहिले सहा महिने तिला कोंबडा आणि कोंबडी एवढाच भेद कळे. आणि आता ही देखभाल शिकवणार.

"चालेल," थोरली म्हणाली. "माझी काही हरकत नाही."

वाटणी सासूबाईंनी ठरवली. सकाळी दार उघडायचं, आणि बाहेर येतील तशा एक लाल, एक निळी.

"पहिली माझी," थोरली पटकन म्हणाली.

त्यामागे हिशोब होता. खुराड्यातून रोज सगळ्यांत आधी मावशी बाहेर पडे. मावशी ही तांबूस, रुंद, जाड पायांची कोंबडी. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून बघणाऱ्या बाईसारखी तिची चाल, आणि आठवड्याला सहा अंडी, कधी पाचावर नाही. साथीतही ती नुसती एकदा शिंकली होती.

सकाळी दार उघडलं. दोन्ही सुना दोन्ही बाजूंना कड्या घेऊन उभ्या. मावशी उंबऱ्याशी आली. आजवर असं स्वागत कुणी केलं नव्हतं, त्यामुळे ती थबकली, मान तिरकी करून एकदा थोरलीकडे, एकदा धाकटीकडे बघितलं, आणि मागे सरून काळीला पुढे जाऊ दिलं.

काळी नावाचीच काळी होती, आणि त्या आठवड्यात तेवढीही नव्हती, कारण तिची पिसं झडत होती. महिनाभर तिने अंडं घातलं नव्हतं. पाय काटकीएवढे.

"पहिली लाल," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. खाट मागच्या दारात आणून ठेवली होती.

काळीच्या पायात लाल नऊ गेली. पाठोपाठ मावशी बाहेर पडली आणि तिच्या पायात निळी चौदा. पाकिटात दोन आकारांच्या कड्या होत्या. धाकटी प्रत्येकीचा पाय चिमटीत धरून बघे, बारीक पायाला लहान कडी, जाड पायाला मोठी, आणि कडी बसली की आत आगपेटीची काडी सरकवून बघे. काडी सहज फिरली पाहिजे.

"एवढं काय त्यात," थोरली म्हणाली. "बांगड्या भरतेयस का?"

"फिरली नाही तर पाय धरते कडी, जाऊबाई."

"बघा गं," थोरली हातातल्या कोंबडीला म्हणाली, "तुमच्या पायाची किती काळजी लागलीय लोकांना."

बोलणं कोंबड्यांमार्फत सुरू झालं ते इथून.

धाकट्याने, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, बायकोच्या सांगण्यावरून चार खोक्यांना झडपा बसवून दिल्या. कोंबडी अंडं घालायला खोक्यात शिरली की मागे झडप पडे. मग कुणीतरी जाऊन झडप उचलायची, कोंबडी काढायची, कडीचा नंबर वाचायचा आणि भिंतीवरच्या पाटीवर तिच्या नावाने रेघ मारायची. ज्या अंड्याला आजवर फक्त घालणारी आणि खाणारे होते, त्याला आता साक्षीदारही आले.

धाकटी नंबर मोठ्याने वाचे. "निळी चौदा!" घरात, अंगणात, पलीकडच्या शिंपिणीच्या खिडकीपर्यंत ऐकू जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "निळी चौदा!" तिसऱ्या दिवशी, "निळी सोळा, आणि निळी चौदा!" भांडी घासताना थोरलीच्या हातातली थाळी दर वेळी थोडी जोरात आपटे. दोन आठवड्यांत एका थाळीला पोचा आला.

ही शिंपीण अंडी न्यायला येई. तिला या घरातलं काहीही फुकट दिलेलं आवडायचं, त्यात बातमीही आली.

"आज लाल देतेस की निळी?" तिने थोरलीला विचारलं.

"अंड्याला कुठं रंग असतो?"

"नाही, निळ्यांचा बलक जास्त पिवळा असतो असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतेय," शिंपीण म्हणाली आणि अंडं उन्हात धरून बघू लागली.

रात्रीच्या जेवणाला थोरल्याने त्यात भर घातली. "बरं केलंय पण तिने," तो घास चावत म्हणाला. "आता मलासुद्धा कळतं कुठली कोंबडी कुठली."

अंड्यांचं थोरलीला एवढं लागलं नव्हतं. हे वाक्य मात्र आत जाऊन बसलं. अकरा वर्षं तो तिला विचारायचा, ही कुठली गं, आणि ती सांगायची. नवराबायकोत तेवढा एक विषय असा होता की ज्यात तो विचारणारा होता आणि ती सांगणारी. आता तो खाली वाकून नंबर वाचत होता. गावात नवा आलेला पोस्टमनही वाचू शकला असता.

तिने देखभाल सुरू केली. ऊन वाढलं होतं. दुपारी पत्रा तापून कडकड वाजे, कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून भिंतीच्या सावलीत पडून राहत. अशा वेळी ती लाल कडीची एकेक कोंबडी काखेत धरी आणि भिजवलेला गहू तिला हाताने भरवी. कोंबड्यांना भूक नसे. ती चोच उघडून आत घाली. "खा गं बाई, खा. नाक नको कापूस माझं." निळ्या कडीच्या कोंबड्या समोर उभ्या राहून मान इकडून तिकडे करत हे बघत. थोरलीला त्यांचं दुःख कळत होतं, पण ती त्यांना दाणा देत नव्हती.

"कोंबडीला भरवतेस," थोरला एकदा दारात उभा राहून म्हणाला, "मला ताट वाढून तरी ठेवलंयस का?"

"तुम्ही अंडी घाला, तुम्हालाही भरवते."

तो गेला. काळीला तिने सगळ्यांत जास्त भरवलं, कारण काळीमुळे तिचा सगळ्यांत जास्त अपमान होत होता. काळी खात होती आणि नवी पिसं आणत होती. अंड्याचं नाव नव्हतं.

खोक्याशी वाद रोजचे झाले. थोरलीने आत बघून "लाल पाच" म्हटलं की धाकटी येऊन बघे आणि म्हणे, "पंधरा आहे ती. निळी." झडप एकदा उचलली की कोंबडी पळून जाई आणि खोक्यात नुसतं अंडं राही, आणि अंड्यावर नाव नसतं. सासूबाई खाटेवरून ओरडत, "कोण आहे? कोण बसलंय?" दोघी दोन उत्तरं देत. शेवटी एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "थांबा. मी आल्याशिवाय झडप उचलायची नाही." आणि काठी टेकत, भिंतीला धरत, दर पावलाला दोघींना शिव्या देत त्या खोक्यापर्यंत आल्या. मग तो नियमच झाला. दिवसातून आठ-दहा वेळा कोंबडी बसे, झडप पडे, आणि सासूबाई उठत. दोघींपैकी एकीवरही त्यांचा विश्वास नव्हता, हे त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

महिना संपला तेव्हा निळ्यांच्या रेघा लालच्या सव्वापट झाल्या होत्या. त्यात एकट्या चौदा नंबरच्या पंचवीस. थोरलीने पाटीकडे बघून मनात वजाबाकी केली. मावशी तिच्याकडे असती आणि काळी धाकटीकडे, तर चित्र उलटं दिसलं असतं. म्हणजे देखभालीचा संबंधच नव्हता. म्हणजे हा अन्याय होता. म्हणजे तो दुरुस्त करणं हे पाप नव्हतं. माणूस एकदा वजाबाकी करायला लागला की कुठवर जाईल याचा नेम नाही.

दुपारी सगळे निजले होते. सासूबाईही उताण्या पडून घोरत होत्या. थोरली मागच्या दाराने बाहेर पडली. मावशी पाण्याच्या डोणीमागे सावलीत पसरली होती. उचलली तरी ओरडली नाही. रोजच्या ओळखीचा हात होता. थोरलीने तिला काखेत घेतलं, नखाने निळ्या कडीचं टोक उचलून वेटोळं उलगडलं आणि कडी काढली. मग काळीला धरलं, तिची लाल काढली. लाल कडी मावशीच्या पायावर चढवताना जरा ओढावी लागली. निळी काळीच्या पायात पैंजणासारखी खाली घसरली. आगपेटीची काडी आणायला कोण घरात जाणार.

"झालं," ती मावशीला म्हणाली. "आता तू माझी."

मावशी आधीही तिचीच होती. पण हे कळायला आता लाल कडी लागत होती, ही गोष्ट थोरलीच्या मनाला चाटून गेली. तिने ती फार जवळ येऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीने झडप उचलली, सासूबाई बघत होत्या, आणि धाकटी किंचित थांबून म्हणाली, "लाल नऊ."

"काय?" थोरली घरातून म्हणाली. ऐकू आलं होतं, पण अजून एकदा हवं होतं.

"लाल नऊ!"

सहा दिवस सलग लाल नऊ. थोरली गाणं म्हणत भांडी घासू लागली. शिंपीण आली तेव्हा तिने तिला एक अंडं जास्त दिलं आणि सांगितलं, "लालचं आहे." शिंपिणीने ते उन्हात धरलं. "यातलाही पिवळाच दिसतोय," ती म्हणाली; तिला कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

सातव्या दिवशी लाल नऊ खोक्यात शिरलीच नाही. आठव्या दिवशीही नाही. आणि नवव्या दिवशी सकाळी धाकटीचा आवाज आला.

"निळी चौदा!"

थोरली ओल्या हाताने बाहेर धावली. खोक्यातून काळी बाहेर येत होती. नवी काळीभोर पिसं उन्हात चमकत होती, तुरा लालबुंद, पायात निळी कडी सैल खुळखुळत होती. महिनाभर काखेत धरून भरवलेला सगळा गहू एकदाचा कारणी लागला होता. काळी अंगणभर ओरडत सुटली. पुढच्या दिवशी परत. त्याच्या पुढच्या दिवशीही.

आपल्याच कोंबडीचा हेवा वाटणं ही थोरलीला नवीन गोष्ट होती. धाकटीचा हेवा करायची तिला सवय झाली होती, त्यात एक प्रकारचा आराम होता. पण काळीचा हेवा वाटला की शिव्या कुणाला घालायच्या हे कळेना. "मेली," ती काळीला म्हणाली, "माझ्याकडे होतीस तेव्हा दुखत होतं का?"

परत अदलाबदल करावी, असं तिने ठरवलं. दुपारपर्यंत वाट बघितली. सगळे निजल्यावर ती डोणीमागे गेली. मावशी उठून चार पावलं लांब गेली, आणि तेव्हा थोरलीने बघितलं की ती उजवा पाय टेकवत नाहीये.

तिने मावशीला मांडीवर घेतलं. लाल कडी दिसतच नव्हती. पाय घोट्याशी दुप्पट सुजला होता, कडी मांसात रुतली होती, कडेने खवले फुटून पिवळसर पाणी येत होतं. थोरलीने नख घालून बघितलं. मावशीने पाय ओढला आणि तिच्या हातावर चोच मारली. या हातावर तिने आजवर कधी चोच मारली नव्हती.

थोरली मांडी घालून तशीच उन्हात बसली. कडी कापली तर ही लाल नऊ कोणाच्या पायात होती हे सगळ्यांना दिसणार. नाही कापली तर पाय जाणार. दोन-तीन दिवस कुणाला कळणारही नाही. ऊन आहे, कोंबड्या अशाही पडूनच असतात. तिने हा विचार पुरता केला. एक रान तिच्या डोळ्यांपुढे आलं, लांबच लांब, भिंत नसलेलं. मग मावशीने तिच्या कोपरात डोकं खुपसलं आणि डोळे मिटले.

"कात्री आणा कुणीतरी!" थोरली ओरडली. "अगं ए धाकटे! कात्री आण!"

दीड महिन्यात तिने धाकटीला सरळ मारलेली ही पहिली हाक. धाकटी झोपेतून उठून अनवाणी धावत आली. बघितलं, आत जाऊन नखं कापायची कात्री आणि कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने मावशीचे पंख धरले. थोरलीने कात्रीचं टोक कडीखाली सरकवलं. दोघींची डोकी एकमेकींना लागत होती, दोघींचा घाम कोंबडीवर ठिबकत होता.

"हळू."

"हळूच करतेय."

"आतल्या बाजूने धरा, तिथं सैल आहे."

कट्ट करून कडी तुटली. लाल तुकडा मातीत पडला. नऊचा आकडा स्पष्ट दिसत होता. धाकटीने पाय पाण्यात धरला.

"ही मावशी आहे," थोरली म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा लहान निघाला. "मी बदलली कडी."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी लाल नऊ वाचलं तेव्हा मावशीच होती ना समोर."

"तुला कसं कळलं?"

धाकटीने तिच्याकडे असं बघितलं, जणू थोरलीने आकाश कुठे आहे ते विचारलं होतं. "कसं म्हणजे? तोंड बघून. तुम्हीच नाही का शिकवलं, मी नवीन होते तेव्हा? तुरा कसा पडतो बघ, चाल बघ. मला तर सगळ्या कळतात आता."

"सगळ्या? बावीसच्या बावीस?"

"हो. पाठमोऱ्यासुद्धा."

चोरी पकडली गेल्याची लाज थोरलीला वाटायला हवी होती, ती वाटली नाही. त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. कडीवरून पकडली असती तर चाललं असतं. कडी कुणालाही वाचता येते. पण तोंडावरून! आता घरात तेवढं म्हणायलाही तिचं एकटीचं काही उरलं नव्हतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने दिलं होतं, वर शिकवण्याचा आनंदही झाला होता.

"मग नंबर कशाला वाचायचीस, ओरडून ओरडून?"

"प्रशिक्षणात सांगितलं होतं, नोंद कडीवरूनच करायची."

"आणि बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, तुम्हीच परत बदलाल." धाकटी मावशीच्या पायाकडे बघत राहिली. "मग काळी द्यायला लागली."

काळी लांबून हे बघत होती, पायातली सैल निळी कडी आता पंजावर येऊन बसली होती.

"म्हणजे एकीने चोरी केली," मागून आवाज आला, "आणि दुसरीने तिच्यावर व्याज खाल्लं."

सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ ते कळलं नाही. त्यांनी वाकून तुटलेली कडी उचलली, डोळ्यांजवळ धरून बघितली आणि फेकून दिली.

"काढा सगळ्यांच्या," त्या म्हणाल्या.

"आई, अजून दोन आठवडे आहेत," धाकटी म्हणाली.

"दोन आठवड्यांत तुम्ही एकमेकींच्या पायात घालाल. काढा."

बावीस कोंबड्या धरायला संध्याकाळ झाली. थोरली धरायची, धाकटी कडी उलगडायची. मावशीच्या पायावर हळद दाबून फडकं बांधलं आणि तिला टोपलीखाली झाकून ठेवलं. काम करता करता दोघी एकमेकींकडे चोरून बघत होत्या, पण आता भीती कडीची नव्हती. निकाल लागायचा होता. थोरलीला वाटत होतं, चोरी असली तरी ती कबूल मी केली, कोंबडी मी वाचवली. धाकटीला वाटत होतं, चोरी तर जाऊबाईंची. दोघींनीही आपली बाजू मनात दोनदा घोळवून ठेवली होती.

शेवटची कोंबडी सुटली तेव्हा सासूबाईंनी स्वतः खुराड्याचं दार ओढलं, कडी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"उद्यापासून खुराडं मी बघते," त्या म्हणाल्या.

दोघी एकदमच बोलल्या. "आई, तुमचा खुबा?"

"तुमच्यावर पाळत ठेवून ठेवून मोकळा झालाय." सासूबाई दोन पावलं चालून गेल्या, वळल्या, आणि परत आल्या. काठी खाटेलाच टेकलेली होती. ती तिथे किती दिवस होती हे दोघींपैकी एकीलाही सांगता आलं नसतं. "दिवसाला दहा वेळा उठवलंत मला. डॉक्टरने तेव्हा अजून चार महिने सांगितले होते, दीड महिन्यात झालं. आता बावीस कोंबड्यांना तीन बायका कशाला?"

थोरल्याला हे जेवताना सांगण्यात आलं. तो म्हणाला, "बरं झालं," आणि भात मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोघी जावा कांद्यात बसल्या. थोरलीने कमरेला फडकं आवळून बांधलं होतं, धाकटीने डोक्याला. साडेसातला थोरलीने तिरक्या नजरेने बघितलं. धाकटी दोन हात पुढे होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा धाकटीच्या तीन सऱ्या झाल्या होत्या, थोरलीच्या अडीच. रानात एकूण अठ्ठावीस होत्या.